झोळीतली सोन्याची वीट

श्रावणात आमच्या घरी नवनाथ भक्तिसाराचं पारायण असायचं. पोथी आजी वाचायची. धुंडीसुत मालूच्या ओव्या तिला अर्ध्याअधिक पाठ होत्या, त्यामुळं वाचता वाचता ती आमच्या तोंडांकडं बघू शकायची. कुठल्या ओवीला कोण पोरगं कान टवकारतं हे तिला बरोबर ठाऊक होतं.

माझी जागा स्त्रीराज्याची. तिथं पुरुष म्हणून कोणी नाही आणि राज्य करते ती मैनाकिनी. मच्छिंद्रनाथ तिच्याकडं राहतात, दोघांना मीननाथ हा मुलगा होतो. मग एक दिवस मृदंगाच्या बोलांतून गोरक्षनाथांची हाक ऐकू येते. शिष्य गुरूला न्यायला आलेला असतो. निघताना मैनाकिनी एक सोन्याची वीट गुपचूप नाथांच्या हवाली करते. वाटेत रान लागलं की मच्छिंद्रनाथ विचारतात, पुढं चोराचं भय आहे का? गोरक्ष काय ते ओळखतो, झोळीतली वीट काढून रानात भिरकावून देतो आणि नंतर गुरूसमोर अख्खा डोंगर सोन्याचा करून दाखवतो.

इथं आजी थांबायची आणि पोथीवरचा हात उचलून दाराबाहेर दाखवायची. "तो बघ. तोच गर्भगिरी."

आमचं गाव नगर-पाथर्डी रस्त्यावरचं. दारातून खरोखरच गर्भगिरीची रांग दिसायची, उन्हाळ्यात तांबूस आणि श्रावणात हिरवट. नाथांच्या खुणा तर चोहीकडं होत्या: मढीला कानिफनाथ, डोंगरगणच्या बाजूला गोरक्षनाथ गड, पलीकडं मायंबा. पोथीत जे घडलं ते आमच्या शेताच्या बांधावरून दिसत होतं, याचं मला इतकं नवल वाटायचं की रात्री झोप लागायची नाही. गोष्टीतलं जग आणि दळण आणायला जायचं जग एकच आहे, फक्त एका थरावर दुसरा थर आहे, असं तेव्हा मनात बसलं ते कायमचं.

आणि एक प्रश्नही बसला. वीट कुठं पडली? ती देणाऱ्या बाईचं पुढं काय झालं? आजीनं पोथी मिटताना एवढंच सांगितलं, "बाळा, ही पोथी नाथांची आहे. तिची नाही."

शिकायला पुण्याला गेले तेव्हा रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला इंग्रजी कादंबऱ्यांचा एक प्रकार सापडला. त्याला अर्बन फँटसी म्हणतात. आपण शहरी अद्भुतकथा म्हणू. यात दूरदेशीची राजधानी नसते, उडता घोडा नसतो. आज आहे तेच शहर असतं, तेच बसथांबे, तीच घरभाड्याची चिंता, आणि त्याच्या पोटात जुनी भुतंखेतं, लांडग्याचं रूप घेणारी माणसं, रक्तपिपासू अमर लोक. गर्भगिरीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलीला यात परकं काय वाटणार?

या प्रकाराचा आजचा चेहरा घडवणाऱ्या सुरुवातीच्या पुस्तकांत एमा बुल यांच्या १९८७ च्या 'वॉर फॉर द ओक्स'चं नाव घेतात. तिची नायिका मिनिआपोलिस शहरात गिटार वाजवते आणि यक्षिणींच्या दोन फौजांच्या लढाईत ओढली जाते. १९९३ साली लॉरेल हॅमिल्टन यांची नायिका अनिता ब्लेक आली, १९९७ साली टीव्हीवरच्या मालिकेतून बफी आली. पॅट्रिशिया ब्रिग्ज यांची मर्सी थॉम्पसन २००६ ची. ती फोक्सवॅगन गाड्या दुरुस्त करते. तिच्या नखांत ग्रीस असतं आणि मनात आलं की ती कोल्ह्याच्या जातीचं एक रानजनावर होऊन पळत सुटते. गॅरेजवाली नायिका! मी ते पान दोनदा वाचलं. आमच्या चुलत्यांचं गॅरेज होतं आणि तिथं मुलींनी थांबायचं नाही असा दंडक होता.

या कादंबऱ्यांत बहुतेक नायिकाच का असतात याचा मी बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, उत्तर रात्रीत आहे. आमच्या घरात मुलींसाठी एकच नियम होता, दिवेलागणीच्या आत घरात. या पुस्तकांतली मुलगी रात्री दोन वाजता गल्लीतून एकटी चालत जाते आणि अंधारात जे उभं असतं त्यानं तिला भ्यायचं असतं. रक्तपिपासू आणि लांडग्याचं रूप घेणारी माणसं यांच्यावर माझा विश्वास सहज बसला. तिचं ते निर्धास्त चालणं हाच मला त्यातला सगळ्यात मोठा चमत्कार वाटला.

दुसरा चमत्कार इलोना अँड्र्यूज या नावानं लिहिणाऱ्या नवरा-बायकोचा. त्यांच्या केट डॅनियल्सच्या अटलांटा शहरात जादू लाटेसारखी येते आणि जाते. जादू आली की वीज बंद, मोटारी बंद, बंदुका बंद. ती ओसरली की दिवे लागतात आणि मंत्र मुके होतात. दोन्ही एका वेळी चालत नाहीत, आणि लाट कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. मालिकेतलं पहिलं पुस्तक २००७ चं. मी ते वाचलं त्या काळात आमच्याकडं तासन् तास भारनियमन असायचं. मोटार चालू करायला रात्री शेतात जायचं, निम्मं भिजणं झालं की वीज गायब. केट जशी कंदील आणि तलवार दोन्ही हाताशी ठेवते तशी आई टॉर्च आणि काठी ठेवायची. तिकडं बसलेल्या त्या जोडप्याला आमच्या गावची रात्र कशी कळली, असं मला वाटलं होतं. अद्भुतकथा अशीच पकड घेते. नियम एकच बदलायचा, पण तो विहिरीवरच्या मोटारीपर्यंत आणि दवाखान्यातल्या यंत्रापर्यंत नेऊन भिडवायचा. मग वाचणाऱ्याला ते जग पटवावं लागत नाही.

आता गाऱ्हाणं.

ही रात्री चालणारी, गाडी दुरुस्त करणारी, तलवार पेलणारी मुलगी प्रेमात पडली की कितीतरी पुस्तकांत तिचं काहीतरी बिनसतं. ज्या पानापर्यंत ती वाट काढत होती त्या पानापासून ती वाट बघू लागते. तो पुरुष तीनशे वर्षांचा असतो, तिला न विचारता तिच्या दारावर पहारा ठेवतो, तिच्या मित्रावर गुरगुरतो, आणि लेखिका आपल्याला सांगते की ही माया आहे. ही माया नाही. हा डोळ्यात तेल घालून ठेवलेला पहारा आहे, आणि तो ओळखायला आमच्याकडच्या मुलींना पुस्तक लागत नाही. शिवाय या नायिकांना बहुधा मैत्रिणी नसतात. जिवाभावाची बहीण नाही, शेजारची काकू नाही, सोबत शिकलेली कोणी नाही. जग वाचवणाऱ्या मुलीला डोकं दुखत असताना चहा करून द्यायला एक बाई नसावी, याचं मला फार वाईट वाटतं. मैनाकिनीचं तर राज्यच बायकांचं होतं.

हे का होतं त्याचं एक कारण कादंबरीच्या बांधणीतच आहे. प्रेमकथा वाचकाला एक वचन देते: ही दोघं एकत्र येणार. साहसमालिका दुसरं वचन देते: पुढच्या पुस्तकात याहून मोठं संकट येणार. पहिल्या वचनाला शेवट हवा आणि दुसऱ्याला शेवट नको. एका जूला जुंपलेले दोन बैल, एक बांधाकडं ओढतो आणि एक पाटाकडं. मग काही लेखक भेट लांबवत राहतात, गैरसमजावर गैरसमज घालतात आणि शहाण्या नायिकेला खुळं करतात. काही लेखक गाडीच एका बाजूला नेतात. अनिता ब्लेकच्या मालिकेत २००१ च्या दहाव्या पुस्तकापासून खुनांचा तपास मागं पडत गेला आणि नातेसंबंध पुढं आले. सुरुवातीपासून सोबत असलेले अनेक वाचक तिथं दुखावले. मीही त्यांतली एक.

केट डॅनियल्सवर माझा जीव आहे तो याचसाठी. दहा पुस्तकांच्या त्या मालिकेत केट आणि तिचा प्रियकर करन चौथ्या पुस्तकातच एकत्र येतात. मग उरलेल्या सहांत काय? संसार. शेकडो रूपबदल्या माणसांचं खटलं, रुसवेफुगवे, कोणी कुणाला न सांगता काय केलं याचे हिशोब, पोरीची शाळा. लग्न हीच मोहीम होऊन बसते, आणि तलवार खुंटीला टांगली जात नाही. दोन्ही बैल एका रेषेत चालतात. नवरा-बायकोनं मिळून लिहिल्यामुळं ते साधलं असेल का? मला तसं मानायला आवडतं.

आपल्याकडं काय होतं, हे बघायला गेले आणि थक्क झाले.

मराठी कादंबरीच्या अगदी आरंभीच अद्भुतरम्य प्रेमकथांचा सुकाळ आहे आणि त्यांची नावं नायिकांची आहेत. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ ची. नारो सदाशिव रिसबुड यांची 'मंजुघोषा' १८६८ ची. कटकारस्थानं, ताटातुटी, अचाट योगायोग, आणि अखेर भेट. पुढच्या समीक्षकांनी या पुस्तकांना वास्तवापासून पळणारी म्हणून पुष्कळ बोल लावले. पण रिसबुडांनी 'मंजुघोषा'च्या प्रस्तावनेत आपली अडचण मोकळेपणानं सांगून ठेवली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या समाजातली लग्नाची रीत आणि अशाच इतर कारणांमुळं आपल्या रोजच्या आयुष्यात मनोरंजक असं काही घडतच नाही. रोजचं लिहावं तर त्यात वाचकाला गुंतवणारं काही नाही. तेव्हा रंजक पुस्तक लिहायचं म्हटलं की अद्भुताकडं वळावंच लागतं.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी उठून उभी राहिले होते. मुलीचं लग्न आठव्या-दहाव्या वर्षी लागत होतं. दोन मोठी माणसं एकमेकांना बघतात, पारखतात, होकार-नकाराच्या उंबऱ्यावर थांबतात, हे घडायला समाजात जागाच नव्हती. प्रेम लिहायचं तर आधी ते जिथं शक्य आहे असं जग रचावं लागत होतं. राक्षस, शाप, गुप्त भुयारं हा सगळा खटाटोप एका साध्या गोष्टीसाठी होता: मुलीला आपल्या मनानं हो म्हणता यावं. मिनिआपोलिसच्या गिटारवालीला मध्यरात्री निर्धास्त फिरवायला एमा बुलना जादू लागली. रिसबुडांना मंजुघोषेला निवड करू द्यायला अद्भुत लागलं. मधे एकशे एकोणीस वर्षं आणि अर्धी पृथ्वी, आणि गरज इतकी एकसारखी.

रिसबुडांचं गणित चुकलं कुठं, तेही नगरच्या वाचकाला सापडतं. त्यांनी ती प्रस्तावना लिहिली त्याच १८६८ साली नाशिकजवळच्या जलालपुरात एक मुलगी जन्मली. अकराव्या-बाराव्या वर्षी तिचं लग्न झालं, रीतीप्रमाणं. नवरा कवी, तऱ्हेवाईक, मनात आलं की घर सोडून निघून जाणारा. १८९५ साली त्यानं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि दोघांची ताटातूट झाली. काही वर्षांनी ती आपल्या पायांनी परत त्याच्याकडं आली, आधी आपलं सोवळं सांभाळून राहिली, आणि पुढं स्वतः विचार करून स्वतःच्या वेळेला तिनं आपला निर्णय केला. नगर आणि राहुरीत त्यांचा संसार झाला. ती लक्ष्मीबाई टिळक. तिची आत्मकथा 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून छापून येऊ लागली. रागावणं, रडणं, भांडणं, खळखळून हसणं आणि त्या माणसावर अपार जीव, सगळं त्यात आहे, आणि एकाही पानावर ती त्याची सावली होत नाही. केट आणि करन यांच्या भांडणांत मला ज्याची चव लागली ती मी आधी लक्ष्मीबाईंकडं चाखली होती, हे फार उशिरा ध्यानात आलं.

आता आमच्या शहराची नायिका. चाँदबीबी.

तिचं लग्न तह म्हणून झालं. अहमदनगरच्या हुसेन निजामशाहाची ही मुलगी विजापूरच्या अली आदिलशाहाला दिली आणि हुंड्यात सोलापूरचा किल्ला गेला. १५८० मध्ये नवरा मारला गेला. तिथं तिनं लहान पुतण्याच्या नावानं कारभार केला, मधे साताऱ्याच्या किल्ल्यात कैदही भोगली. पुढं ती माहेरी आली. १५९५ च्या डिसेंबरात अकबराचा मुलगा मुराद नगरच्या किल्ल्याला वेढा घालून बसला. मुघलांनी तटाखाली सुरुंग खणले. आतल्यांनी काही शोधून निकामी केले, पण एक उडालाच आणि तटाला खिंडार पडलं. चाँदबीबी तोंडावर पडदा आणि हातात नागवी तलवार घेऊन त्या खिंडारात येऊन उभी राहिली. पळू पाहणारे सैनिक थांबले. रात्र झाली आणि त्या एका रात्रीत भिंत पुन्हा उभी राहिली. तोफगोळे संपले तेव्हा तिनं तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी तोफांतून डागली, असं नगरात अजून सांगतात. १५९६ मध्ये वऱ्हाड देऊन तह झाला. १६०० मध्ये मुघल पुन्हा आले. आता बोलणी करावीत असं तिनं ठरवलं, तर फितुरीचा संशय घेऊन तिच्याच माणसांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला पडला.

या कथेवर फिलिप मेडोज टेलर यांनी इंग्रजीत तीन खंडांची कादंबरी लिहिली, 'अ नोबल क्वीन'. ती १८७८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. मोठ्या आशेनं मी ती उघडली. नाव राणीचं आहे, तट तिनं राखला आहे, पण प्रेमकथा दुसऱ्यांची: अब्बास खान नावाचा तरुण सरदार आणि झोरा नावाची मुलगी. तलवार एका बाईच्या हाती, प्रेम दुसरीच्या वाट्याला. टेलरांना दख्खन माहीत होतं, माणसांबद्दल कळवळा होता, तरी दोन्ही गोष्टी एकाच बाईला देताना त्यांचा हात आखडला. इथं मला माझं सगळं गाऱ्हाणं एका पुस्तकात मांडलेलं सापडलं. नायिका बिनसते ती बहुधा इथंच, या वाटणीपाशी. पराक्रम दिला की प्रेम काढून घ्यायचं, प्रेम दिलं की पराक्रम.

एकदा मात्र कोणीतरी तिला वेगळं काही दिलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुमारे १७०० सालचं एक दख्खनी चित्र आहे. चाँदबीबी घोड्यावर बसली आहे, हातावर ससाणा आहे, सोबत सेवक आहेत, भोवती मोकळं रान आहे. खिंडार नाही, वेढा नाही. मृत्यूनंतर शंभर वर्षांनी एका चित्रकाराला वाटलं की हिला एक निवांत सकाळ द्यावी. त्या चित्राची छापील प्रत माझ्या टेबलासमोर आहे, आणि नायिका कशी लिहावी हे मला त्याच्याइतकं कुठल्याच पुस्तकानं सांगितलेलं नाही.

नगरकरांनीही तिला काही दिलं आहे. शहराच्या पूर्वेला शहा डोंगरावर अष्टकोनी, तीन मजली वास्तू आहे. ती कबर आहे, मुर्तजा निजामशाहाचा मंत्री सलाबतखान याची. पण आमच्याकडं विचाराल तर तो चाँदबीबी महाल. लोकांनी मंत्र्याच्या कबरीत राणी राहायला आणली. आता जिल्ह्याचं नावच जामखेडजवळच्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंचं झालं आहे, पण डोंगरावरचा महाल अजून चाँदबीबीचाच आहे.

मराठीत नायिका अजून घडते आहे. नारायण धारपांच्या समर्थकथांत वाडे ओळखीचे आणि भीती अस्सल, पण झुंजायला त्यांचा नायक समर्थच यायचा. २०२२ मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या 'सातव्या मुलीची सातवी मुलगी'मध्ये पुढचं दिसण्याची देणगी नेत्राला होती. आमच्या घरी तीन पिढ्या ती मालिका एकत्र बघायच्या. नेत्राला काय दिसलं यावर आम्ही जेवताना वाद घातले आहेत, आणि सासरच्या घरात गोष्ट फिरत राहिली की मी तळमळलेही आहे.

मला हवी असलेली कादंबरी नगरमध्येच घडते. तिची नायिका महावितरणमध्ये वायरमन आहे. हो, वायरमनच, आमच्याकडं बाई असली तरी हाच शब्द चालतो. खांडक्याच्या माळावर पवनचक्क्या आहेत, त्यांच्या पात्यांच्या आवाजात तिला रात्री मृदंग ऐकू येतो. मृदंग वाजला की शहरातली वीज जाते आणि भिंगारकडच्या विहिरीतून साती आसरा वर येतात. त्या सात जणी तिच्या मैत्रिणी आहेत आणि तिच्या स्थळांवर मतं देतात. कापडबाजारात एक जण आहे, घड्याळं दुरुस्त करणारा. तिला तो आवडतो, हे सातही जणींना ठाऊक आहे. तिसऱ्या प्रकरणात ती खांबावर चढलेली असते आणि तो खाली शिडी धरून उभा असतो, घाबरलेला, पण शिडी घट्ट धरून. वरून तिला चाँदबीबी महालाच्या बाजूला झुडपात काहीतरी चमकताना दिसतं.

ती खाली उतरते, हातमोजे काढते, आणि म्हणते, "टॉर्च घे. डोंगरावर जायचंय."

"आत्ता? काय आहे तिथं?"

"एका बाईची वीट."